डावा डोळा सप्टेंबरपर्यंत

१४ ऑक्टोबर
पहाडावरून परत. बनारसचा उकाडा अजून आहेच. हिमरेषेखालच्या आमच्या मीटर-मीटरच्या चौकोनांतली रोपं सतरा वर्षं मीच मोजतेय. मी निवृत्त झाल्यावर हे काम पीएच.डी.च्या पूजानं करायचंय, म्हणून यंदा ऑगस्टमध्ये दोघींनी वेगवेगळं मोजलं, एकमेकींचं न बघता. आज कागद शेजारी ठेवले. मोठी रोपं जुळतात. तांदळाएवढं निळं फूल, जेंशियन, मात्र तिसऱ्या चौकोनात मला चार, तिला अकरा. नवशिकी आहे. ‘परत बघ’ म्हटलं.

१८ ऑक्टो.
पूजानं फोटो आणले, मोठे करून दाखवले. ‘मैम, ये रहा। ये भी।’ अकराच आहेत. फोटोत मोजपट्टी का नाही ठेवली म्हणून उगाच ओरडले.

५ नोव्हेंबर
देवदिवाळी. शालूबरोबर पंचगंगा घाटावर. मी म्हटलं, प्रत्येक दिव्याभोवती कडं काय सुरेख दिसतंय! शालू : ‘कसलं कडं? ताई, तू आधी डॉक्टरला दाखव.’ धाकटी असून दरडावते.

११ नोव्हें.
मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. ‘पाँच-सात साल से पक रहा होगा, मैडम।’ नेमकं कोणत्या वर्षापासून, विचारलं. डॉक्टर हसले.
माझ्या नोंदींत जेंशियन सात वर्षांपासून कमी होतंय. पहाड तापतोय, म्हणून फूल मागं हटतंय, असं मी छापलंय. पूजाचा अख्खा प्रबंध त्यावर उभा. आता फूल कमी झालं की माझी नजर?

१२ नोव्हें.
पूजाला सांगितलं. तिनं वही मिटली. मग, ‘मैम, मेरी थीसिस?’ शरम वाटली, त्याहून जास्त भीती.

९ डिसेंबर
उजवा डोळा झाला. पट्टी निघाली. स्वयंपाकघराच्या भिंती इतक्या मळक्या? बोलून गेले. शालूनं दुपारपर्यंत अबोला धरला.

१६ डिसें.
डॉक्टरांनी डाव्याची तारीख दिली. म्हटलं, सप्टेंबरनंतर. इतकी वर्षं ज्या नजरेनं मोजलं, ती आता या डाव्या डोळ्यातच उरलीय. तीही काढली तर ताडून कशाशी बघायचं? ऑगस्टमध्ये प्रत्येक चौकोन तीनदा : एकदा माझा उजवा डोळा, एकदा डावा, एकदा पूजा. डॉक्टर : ‘ऐसा मरीज पहली बार देखा।’
शालू घरी कडाडली. ‘तुझं दिमाग ठीक आहे ना? एक डोळा नवा, एक जुना, दगडावरून पाय सटकला तर? फुलं मोजायला कोण जाणार मग?’ तिचं खरं आहे. तरी तारीख रद्द केली.

२० जानेवारी
आठ दिवस कोहरा, दाट धुकं, ऊन नाही. दर महिन्याला हिरव्या चादरीवर तेवढीच मोहरी पसरून डाव्या डोळ्यानं मोजते. मागच्या महिन्यापेक्षा कमी दिसली. म्हणजे ऑगस्टपर्यंत हा डोळा आणखी खराब होणार, गेल्या सात वर्षांत होता तसा राहणार नाही. अर्धंच कळेल. अर्धं तर अर्धं.
मोहरी गोळा करताना मनात आलं, फूल खरंच कमी झालेलं असू दे. मग माझं काही चुकलं नाही. सतरा वर्षं ज्याच्यासाठी चढले, त्याच्या वाईटावर मी टपलेय. पूजाला हे बोलले नाही. तिच्याही मनात हेच असेल.