कायोटी डावीकडून आला

रविवार, १८ जानेवारी. चँडलर, संध्याकाळ.

हरणाच्या शिकारीसाठी बारा वर्षं मी एकटाच बसत आलो. समोर पाहायचं आणि थांबायचं. आज पहिल्यांदा कायोटीच्या, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या, शिकारीला गेलो, अजितकाकांबरोबर. जखमी सशाचा आवाज काढणारा स्पीकर त्यांनी झुडपात ठेवला आणि माझ्या डावीकडे चाळीस पावलांवर जाऊन बसले. "हरणवाल्या, झोपू नकोस," म्हणाले.

स्पीकरमधला ससा किंचाळत राहिला. मी सवयीने समोरच पाहत होतो. कायोटी वास घेत, वळसा घालून डावीकडून आला. त्याच्याबरोबर मी बंदूक फिरवत नेली. बंदुकीवरच्या दुर्बिणीत आधी तो होता, मग काकांची टोपी. माझं बोट ट्रिगरवर होतं.

बोट तिथे कधी गेलं? आठवत नाही.

कायोटी पळाला. काका हसत उठले. "सोडून दिलास? लांब होता, बरं केलंस. पेशन्स आहे यार तुझ्यात."

परतीच्या तासाभरात सांगितलं नाही. बोट ट्रिगरवर होतं, एवढंच तर सांगायचं होतं.

आत्ता त्यांचा फोन आला. "पुढच्या रविवारी परत जाऊ. काकूलाही आणतो, तिला बघायचंय. तू आहेस म्हटल्यावर तयार झाली."

मग सांगितलं. "काका, आज तुम्ही माझ्या दुर्बिणीत आला होतात."

त्यांनी हळूच विचारलं, "बंदुकीचं सेफ्टी लॉक लावलेलं होतं ना?"

"नाही."

त्यांनी फोन ठेवला नाही. मलाही ठेवता येईना.