साक्ष दिल्यावर

प्रिय राजेश्वरी,

सातव्या महिन्यात माहेरी कधी नेता, असं तू तीनदा फोनवर विचारलंस आणि तीनदा मी रेंज न्हाय म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती. आता सगळं लिहिते. शेवटपर्यंत वाच, मधीच रागानं फाडू नकोस.

तुझ्या आप्पांना टीबी निघाला तवा तू नुकतीच सोलापूरला लॅबमधी लागली होतीस. गोळ्या सहा महिन्यांच्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, भाकरी गोड लागायला लागली. मी रोज गुडघे टेकून प्रभूला मागत होते, मला वाटलं मिळालं. रविवारी उपासनेत मीच कोपरानं ढोसून त्यांना साक्ष द्यायला उभं केलं. चारचौघांत कधी तोंड न उघडलेला माणूस म्हणाला, ‘प्रभूनं मला पुरता बरा केला.’ बाया रडल्या. सोमवारी ते गोळी हातात धरून नुसते बसून राहिले. पुरता बरा झालेला माणूस गोळी कशाला खाईल? खाल्ली तर साक्ष खोटी. आमची अक्कल एवढीच.

पाळकाला बोल लावू नकोस. शिवशरण पाळक उमरग्याहून मुद्दाम आले. म्हणाले, शुभवर्तमान लिहिणारा लूक सोता वैद्य होता, गोळी बी देवाचीच. मी व्हय व्हय केलं आणि मनात म्हटलं, ह्याचाच विश्वास कच्चा. चौथी शिकलेली बाई मी, पाळकाहून शहाणी झाले होते.

मग तू आलीस. ‘आई, तुझा देव गोळीला भितो का?’ म्हणालीस. मी तुझ्या थोबाडीत दिली.

तू गेल्यावर तुला फोनवर सांगितलं, की गोळ्या परत सुरू केल्या. खोटं होतं. दवाखान्याकडनं गावची आशाताई रिकामी पाकिटं बघायला यायची. मी रोज गोळ्या फोडून मोरीत सोडायची आणि पाकीट तिच्यापुढं धरायची. रोग उलटला आणि आप्पा गेले तवा तू डॉक्टरच्या नावानं बोटं मोडलीस. एवढी औषधं खाऊन माणूस मरतो तर आमचं शिक्षण काय जाळायचं, म्हणालीस. माझा विश्वास तर गेलाच होता, तुझा औषधावरचा बी मीच घालवला. आता प्रार्थनेला बसते, पण मागायला तोंड उघडत न्हाय.

गेल्या महिन्यात मला बी तोच रोग निघाला. चिवट हाय, साध्या गोळ्यांना जुमानत न्हाय; गोळ्या अर्ध्यात सोडल्या की असा होतो म्हणे. डॉक्टर म्हणाले, बघू. फोनवर बोलले तर खोकला ऐकून तू वळखशील, म्हणून चुकवत होते. बाळंतपण सासरीच कर. नातवंड मला दाखवायला आणू नकोस, मी बोलावलं तरी. पण पत्र त्याच्यासाठी न्हाय. शेवटचे पंधरा दिवस आप्पांचं डोकं तू मांडीवर घेऊन बसली होतीस. उद्याच तपासून घे. आणि डॉक्टरला सांग, माझ्या बापानं गोळ्या अर्ध्यात सोडल्या होत्या, पाकिटं माझ्या आईनं रिकामी केली. लाज धरू नकोस. हे कळलं न्हाय तर तुला कुठली गोळी द्यायची ते त्यांना कळणार न्हाय.

तुझीच,
आई