पोटातून श्वास घे म्हणणाऱ्यांच्या घरातून

तीर्थरूप मावशीस साष्टांग नमस्कार. (आठही अंगं जमिनीला टेकवणं सध्या जमत नाही, मध्ये पोट येतं. तेव्हा जेवढी टेकतील तेवढी गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? काका पथ्य पाळतात की अजून डबे हुडकत फिरतात? आणि प्रसूतिगृहातल्या नव्या सिस्टर मुली तुझं ऐकतात का, की त्यांच्यावर ओरडून ओरडून तूच घसा बसवून घेतेस? इकडे सगळे मजेत. मीही मजेत आहे असं मला रोज सांगण्यात येतं, तेव्हा असणारच. खरं तर फोनच करणार होते, पण आमच्याकडे फोनवर बोलायचं म्हणजे एका कानात तू आणि दुसऱ्या कानात ट्रम्पेट. म्हणून आपलं पत्र बरं.

मला नववा लागला. पाठ दुखते, जळजळतं, झोप नाही, हे सगळं तुला नवीन नाही, तू हजारो बायकांकडून ऐकलं असशील. माझं मुख्य दुखणं म्हणजे दम. जिना चढताना लागतो, उतरताना लागतो, वेणी घालायला हात वर केले की लागतो, आणि चपला शोधायला वाकले तर विचारूच नकोस (वाकूनही चपला दिसत नाहीत, स्वतःची पावलं मी शेवटची कधी पाहिली ते आठवत नाही). आता दम कुठेही लागावा, पण बँडवाल्यांच्या घरात लागू नये. आमचे सासरे बँडचे मालक, क्लॅरिनेट वाजवतात, गावभर त्यांना मास्तर म्हणतात. नवरा ट्रम्पेट वाजवतो. सासूबाई मोठा ड्रम वाजवतात, आणि घरातलं कुणी ऐकत नसेल तर ड्रमशिवायही वाजवतात. या घरात जगातल्या प्रत्येक दुखण्याचं कारण एकच, श्वास चुकीचा घेणं. सर्दी झाली, श्वास चुकतोय. कंबर धरली, श्वास चुकतोय. मागे एकदा माझ्या हातून दूध उतू गेलं, तेव्हाही सासरे शांतपणे म्हणाले होते, ‘‘सूनबाई, श्वास पोटातून घेत जा.’’ आता तूच सांग, पोटात सध्या कुणी राहत असताना मी तिथून श्वास कसा घेऊ? पण हे त्यांना सांगायलाही दम लागतो, त्यामुळे मी मान हलवते.

गेल्या आठवड्यापर्यंत कामावर जात होते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी तक्रारींच्या खिडकीवर बसते हे तुला माहीतच आहे. खिडकी दुसऱ्या मजल्यावर आहे (तक्रारदार वर येईपर्यंत त्याचा निम्मा राग जिरावा, अशी ती योजना असावी). तर लोक वर यायचे तेही धापा टाकत, आणि खिडकीच्या अलीकडे मी बसलेली, तीही धापा टाकत. त्यांना वाटायचं, त्यांच्या नळाला पाणी नाही हे ऐकून माझा ऊर भरून येतोय. एक आजोबा तर तक्रार अर्धी टाकून माझंच सांत्वन करायला लागले, की बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका, आम्ही शेजारून भरू. साहेबांनी नंतर सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, जनतेशी कसं बोलावं ते या बाईंकडून शिका म्हणाले. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा माझं कौतुक झालं, आणि तेही फुप्फुसांना जागा नाही म्हणून. सोमवारपासून रजेवर आहे. रजेवर गेले म्हणजे आराम मिळेल अशी माझी समजूत होती. रजा म्हणजे दिवसभर घरी, आणि घरी म्हणजे दिवसभर सल्ले, हे ध्यानातच आलं नाही.

मागच्या तपासणीला नवऱ्याची तालीम होती, म्हणून सासरे बरोबर आले. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, लोहाच्या गोळ्या वाढवून दिल्या आणि समजावून सांगितलं, की मूल वर सरकलंय, फुप्फुसांना अडचण होते, त्यात या दिवसांत शरीरच श्वास जास्त मागतं, तेव्हा थोडा दम लागणं स्वाभाविक आहे. ताठ बसा, निजताना उशांना टेकून निजा, कामं सावकाश करा, बाळाचं डोकं खाली उतरलं की हलकं वाटेल. यातलं ‘ताठ बसा’ ऐकून सासऱ्यांना इतका आनंद झाला, की ते खुर्चीतून उठले आणि छाती आणि पोट यांच्यामधला पडदा कसा हलवायचा हे डॉक्टरीणबाईंना शिकवू लागले. त्या पुढे आणखी काही सांगत होत्या, बोटांवर मोजत मोजत, पण ते पडद्यात गेलं. दवाखान्यातून आम्ही घरी आलो ते एकच शब्द घेऊन, स्वाभाविक. तेव्हापासून हा शब्द घरात चहासारखा चालतो. मी भिंतीला धरून उभी राहिले, स्वाभाविक. जेवता जेवता थांबले, स्वाभाविक. नवरा अधूनमधून माझ्याकडे बघतो आणि काहीतरी बोलायला तोंड उघडतो, पण त्याआधी वडिलांकडे बघतो, आणि मग तोंड उघडलंच आहे तर म्हणून ट्रम्पेट लावतो. स्वभावाने गरीब आहे गं, पण माझ्या मेलीच्या उपयोगाचं गरीब नाही.

आता हजेरीचं ऐक. आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी हजेरी असते. प्रत्येकाने एक सूर धरायचा, दम संपेपर्यंत. पूर्वी मला माफी होती, कारण मला सुरातलं काही कळत नाही हे लग्नाच्या बैठकीतच मी कबूल केलं होतं. पण दिवस गेल्यावर सासऱ्यांनी जाहीर केलं, की लांब सूर धरणाऱ्या बाईचं बाळंतपण सोपं जातं. (हे कुणी सांगितलं? त्यांनीच.) मला त्यांची जुनी क्लॅरिनेट मिळाली. सुरुवातीला बेसूर का होईना, बराच वेळ वाजायची. शेजारच्या शिंपीणबाई खिडकी लावून घ्यायच्या. मग सूर आखूड होत गेला. सासरे म्हणाले, रियाज कमी पडतोय. आणखी आखूड झाला. म्हणाले, मन लागत नाही. आणि काल सकाळी मी क्लॅरिनेट तोंडाला लावली, फुंकले, आणि काही झालंच नाही. नुसती फुस्स. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता तरी कुणी विचारेल, काय गं, बरं नाही का? सासरे पुढे आले, माझ्या हातातून क्लॅरिनेट घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, ‘‘हिची पत्ती गेलीय.’’

तोंडाशी बसवलेली ती वेताची पत्ती बदलली. मी फुंकले. फुस्स. मग बापलेकांनी सतरंजी अंथरली, क्लॅरिनेटचा तुकडा न् तुकडा सुटा केला, फडक्याने पुसला, तेल दिलं, फुंकर मारून प्रत्येक भोक बघितलं. इतक्या मायेने या घरात मला कुणी तपासलेलं नाही. सासूबाई दिवा धरून उभ्या. मी बाजूला बसून तोंडाने श्वास ओढत होते, तर मला सांगण्यात आलं, की जरा सरक, उजेड अडतोय. सरकले. (सरकल्यावर पुन्हा दम लागला, पण तेव्हा सगळे एका स्क्रूच्या शोधात होते.) परत जोडणी झाली, मी परत फुंकले, परत तेच. शेवटी क्लॅरिनेट दुरुस्तीला गेली. नवरा स्वतः घेऊन गेला, रिक्षाने, मांडीवर, धक्के बसू नयेत म्हणून. मला त्या क्षणी त्या क्लॅरिनेटचा इतका हेवा वाटला, मावशी, की रडूच आलं, आणि रडायलाही पुरेसा श्वास नव्हता म्हणून अर्ध्यावर सोडून दिलं.

असं सगळं आहे. कंटाळा आलाय म्हणू, की खचले आहे म्हणू, मलाच कळत नाही. घरात एवढी माणसं श्वासाबद्दल बोलतात, आणि ज्या एका बाईला तो मिळत नाही तिच्याकडे कुणी बघत नाही. पण तू मनाला लावून घेऊ नकोस. मी अशीच रडगाणं गाते, लहानपणापासूनची खोड. बाकी सगळं ठीक. काकांना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद (आता मी आशीर्वाद देण्याच्या वयाची झाले, बघ).

तुझीच,
फुग्यासारखी झालेली भाची

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. बाळाच्या टोपीसाठी तू मऊ लोकर घेऊन ठेवली होतीस ना, ती पाठवून दे. पिवळी असली तरी चालेल. घाई नाही.

ता. क. आणखी एक. लोकर हे कारण नाही. काल सकाळपासून विचारायचं होतं आणि चार पानं इकडचं तिकडचं लिहीत बसले. परवापर्यंतचा दम आणि कालपासूनचा दम एक नाही गं. परवापर्यंत मी थांबले की तोही थांबायचा. आता मी थांबते आणि तो थांबत नाही. बसल्या जागी आहे. श्वास आत ओढला की उजव्या बरगडीखाली सुरी फिरल्यासारखी कळ येते. आडवं होताच येत नाही, काल सगळी रात्र खुर्चीत काढली. काही न करता छाती धडधडते. सासूबाई म्हणाल्या, तुझा डावा पाय बघ किती सुजलाय, या दिवसांत सुजतातच. पण मावशी, सुजायचे तर दोन्ही सुजतात ना? माझा एकच सुजलाय, आणि त्याची पोटरी दाबली तर ठणकते. आणि डॉक्टरीणबाई पुढे जे सांगत होत्या ते पडद्यात गेलं असं मी वर लिहिलंय, ते खोटं आहे. सासऱ्यांनी ऐकलं नाही, मी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, की दम अचानक वाढला, बसून असताना लागला, छातीत दुखलं, धडधड थांबेना, चक्कर आली, खोकल्यातून रक्त आलं, ओठ निळसर दिसले किंवा एकच पाय सुजला, तर यातलं एक जरी झालं तरी कुणाला विचारत बसायचं नाही, वेळ बघायची नाही, तडक निघून यायचं. यातली पाच झाली आहेत, आणि मी विचारत बसले आहे. ट्रम्पेटमुळे फोन केला नाही हेही खोटं. माझं एक वाक्य ऐकून तू ओळखलं असतंस, म्हणून केला नाही. दवाखान्यात जावं आणि त्या हसून म्हणाव्यात, बाई, हे स्वाभाविकच आहे, तर मी कुठल्या तोंडाने घरी यायचं? आणि त्या हसल्या नाहीत तर? त्याचीच जास्त धास्ती वाटते. म्हटलं तुला विचारावं, तुझं उत्तर येईल चार-पाच दिवसांत, मग ठरवू. चार-पाच दिवस, असं आत्ता स्वतःच्या हाताने लिहिलं आणि वाचलं. तू काय ओरडली असतीस ते मला इथे बसून ऐकू येतंय. उठते.

ता. क. शेवटचा. हे वॉर्डातून लिहितेय, म्हणून अक्षर असं. नाकाला नळी आहे, हाताला सुई आहे. मी नवऱ्याला एवढंच म्हटलं, मला आत्ता दवाखान्यात ने, आणि त्याने पहिल्यांदाच वडिलांकडे न बघता गाडी काढली. गाडी म्हणजे बँडची. संध्याकाळी लग्नाची सुपारी होती, सगळे लाल कोट आणि झालरी घालून तयार, त्यामुळे मी दवाखान्यात पोचले ती चार बँडवाले, एक मोठा ड्रम आणि छतावर पेटलेले रंगीत दिवे यांच्यासकट. फाटकावरच्या माणसाने हात आडवा करून सांगितलं, वरात आत नेता येणार नाही. सासूबाईंनी त्याला काय वाजवलं ते भेटल्यावर सांगेन. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. छातीचा फोटो काढला, रक्त घेतलं, आणि म्हणाल्या, पायात रक्ताची गुठळी झाली होती, तिचा तुकडा फुप्फुसात गेलाय. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू केली आहेत. बाळाचे ठोके चांगले आहेत. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, आजची रात्र जाऊ दे. इतका उशीर का केलात, असंही विचारलं. मी म्हटलं, पत्र लिहीत होते. त्यांना वाटलं मी बरळतेय.

नर्सबाई तुला फोन लावून देणार आहेत, तेव्हा हे पत्र मिळेपर्यंत तुला सगळं कळलेलं असेल. तरी लिहितेय, कारण लिहिताना घाबरायला कमी होतं. सासरे बाहेर बाकावर बसलेत, लाल कोटात, टोपी मांडीवर घेऊन. दार उघडं आहे, मला दिसतात. आल्यापासून त्यांनी श्वास कसा घ्यायचा हे मला एकदाही सांगितलेलं नाही. नुसते माझ्या छातीकडे बघत बसलेत, वर जातेय, खाली येतेय. मावशी, ते गप्प आहेत म्हणून मला फार भीती वाटतेय. तू ये. आईला घेऊन ये.