सुकाणूची बिजागरी

प्रिय मेव्हणेबुवा,

सप्रेम नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? आम्ही सगळे मजेत. तुमची ताई ठणठणीत, मी तिच्या मानाने बरा, आणि तुमचे वडील, म्हणजे तात्या, खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकतायत. शेळी एकच आहे, ती म्हणजे मी.

तात्यांची ती हातभर लांब लाकडी बोट तुम्हाला आठवत असेलच (तिच्यावरूनच तुमचं दोघांचं वाजलं, तेव्हा विसरणार कशी). बोट तयार झाली, रंगही वाळला, अडलंय ते सुकाणूच्या पितळी बिजागऱ्यांपाशी. तुम्ही बाजारातून तयार आणून दिलेल्या अजून पाकिटातच आहेत. "बोट मी केली, आणि बिजागऱ्या काय दुकानदार करणार?" हे तात्यांचं पालुपद चालूच आहे. पण आता त्यांचे हात फार थरथरतात हो. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतात. आपल्या हातची बोट एकदा तळ्यात तरंगलेली बघायची, एवढंच त्यांच्या मनात आहे. मला ते बघवेना, म्हणून म्हटलं, मी करतो बिजागऱ्या. हात दाखवून अवलक्षण!

वाकवायच्या आधी पितळेची पट्टी तापवून मऊ करावी लागते. अंधुक लाल दिसली की ज्योत बाजूला. मी शेजारच्या प्लंबरकडून त्याची ज्योत फेकणारी गॅसची बत्ती मागून आणली आणि भर दुपारी सगळ्या खिडक्या उघडून बसलो. एवढ्या उजेडात लाली कुठली दिसायला! मी आपला वाट बघतोय, आणि पट्टीचं टोक वितळून टपकन विटेवर. मग खुर्चीतून सल्ला आला, "अहो जावईबापू, पडदे ओढा की!" (हे आधी सांगायला काय झालं होतं, असं मी मनात म्हणालो. तुमची ताई मोठ्याने म्हणाली.)

पडदे ओढून दुसरी पट्टी झकास मऊ झाली. फक्त जराशी वेडीवाकडी दिसत होती, म्हणून मी ती हातोडीने ठोकून ठोकून आरशासारखी सपाट केली आणि ऐटीत खिळ्याभोवती वाकवायला घेतली. कट्! दोन तुकडे. तात्यांनी कपाळाला हात लावला. पितळ ठोकलं की पुन्हा ताठर होतं म्हणे. थोडं वाकवायचं, ताठरलं की परत तापवायचं, मग पुढे वाकवायचं. घाई केली की तुटलंच. (इतकी वर्षं तुमच्या घरचा जावई असून हे मला नव्याने शिकावं लागलं, कमाल आहे.)

शेवटी एक बिजागरी झाली. सुकाणू तिच्यावर डावीकडे छान वळतं, उजवीकडे अजिबात नाही. आमची बोट तळ्यात गोल गोल फिरत बसणार. तात्यांनी ती बराच वेळ निरखली, "बरी आहे" म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसले. मला शिव्या चालल्या असत्या. थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "बारीक कामाला त्याचाच हात." तो कोण, हे मी विचारलं नाही.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कंबरेला शेक द्या.

तुमचा,
ताईचा नवरा

ता. क. : या रविवारी जमलं तर या. बिजागऱ्या तुम्हीच करा, माझ्याने होत नाही. ताईने सांगितलं म्हणून लिहितोय असं समजू नका, तिने समोर बसून लिहून घेतलंय.

आणखी एक ता. क. : पत्र टेबलावर राहिलं आणि तात्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचलं. आता काही खरं नाही, असं म्हणून मी उभाच राहिलो. चष्मा काढून म्हणाले, "लिहा त्याला, यायची काही गरज नाही म्हणावं. आणि येताना बारीक कानस घेऊन ये म्हणावं, इथली बोथट झालीय."