आईचं काळं बोट

बाभुळगाव, ३ नोव्हेंबर २००९

चि. शीला हीस, उकंडादादाचा जयभीम व आशीर्वाद.

फोन लावला की आई कान देऊन शेजारी बसते, म्हणून हे पत्र नागपूरच्या बसच्या कंडक्टरजवळ देतो आहे.

कापूस वेचताना आईच्या पायाच्या बोटात काटा गेला. शुगरमुळे जखम चिघळली. तालुक्याच्या दवाखान्यात आता कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर लागला आहे. आपण इथं बसायचं, नागपूरची डॉक्टरबाई तिथून पाहते. गाडीभाडं नाही, मजुरी बुडत नाही. कापसाला भाव नसलेल्या साली हा मोठाच आधार.

पण बाईंना बोट काळं दिसलं. गुरुवारी पुन्हा दाखवा, तसंच असलं तर इकडे आणून कापावं लागेल, म्हणाल्या. आई म्हणते, नऊ बोटांनीही विहारात जाता येते. मी मात्र वंदना म्हणतानाही तिच्या पायाकडेच पाहतो.

माहेरावरची माया अशीच राहू दे.
तुझा उकंडा

नागपूर, ४ नोव्हेंबर

ती. दादास, सविनय जयभीम वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग शंका आली. काटा लागला की बिब्याचा चटका द्यायची आईची जुनी खोड. माझी टाच महिनाभर काळी होती, आठवते? पाहुणे येणार म्हणून अंगण सारवणारी बाई डॉक्टरला वाहती जखम दाखवेल का?

तू विचारलंस तर ती उडवून लावेल. डॉक्टरबाईंनाच विचारायला सांग. परक्यासमोर ती पंचशील मोडून खोटं बोलणार नाही. तरी मी इथं दवाखान्यात खाट सांगून ठेवली आहे.

रागवू नकोस, लोभ ठेव.
तुझी शीला

बाभुळगाव, ५ नोव्हेंबर

चि. शीला हीस, जयभीम व आशीर्वाद.

सकाळच्या बसनं तुझं पत्र वेळेवर पोचलं. बाईंनी विचारलं, आजी, बोटाला काय लावलं? आईनं माझ्याकडे रागानं पाहिलं, पदर सारखा केला आणि सांगितलं की तवा तुम्ही पहिल्यांदाच भेटून राह्यल्या होत्या, तुम्हाले घाण कशी दाखवू, म्हणून बिबा लावला.

बाईंनी नर्सला बोट टोचायला लावलं. आई ओरडली आणि बाई हसल्या. बोट जिवंत आहे, वरचं कातडं तेवढं जळलं. मग मात्र त्यांनी आईला चांगलंच झापलं. आणखी एक चटका दिला असता तर बोट गेलंच असतं. आता ड्रेसिंग इथंच, दर गुरुवारी बाई पाहतील. खाट सोडून दे.

निघताना आईनं कॉम्प्युटरला हात जोडले, बाई जेवल्या का विचारलं. घरी येऊन बिब्याची पुडी स्वतः उकिरड्यावर टाकली. म्हणते, शीलीले लिहून दे, तिनं टाचेचा बदला घेतला.

तुझ्या आठवणीवर आमचं घर उभं आहे, येत जा.
तुझा उकंडा