श्वासाच्या पडद्याखाली

गुरुवार, संध्याकाळ

पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ह्यांचा ताप हटेना, म्हणून आज सोनोग्राफी केली. घरातले इंग्रजी कागद वाचायचे ते मीच, कॉन्व्हेंटमधली म्हणून. शाळेतल्या सिस्टरना आठवत रिपोर्टचं अक्षर न् अक्षर वाचलं, पण ‘सबफ्रेनिक’पाशी अडले. जाऊबाई म्हणाल्या, “सांग की गं, काय लिवलंय?” मला तरी कुठं कळत होतं? पुन्हा पोट उघडणार, एवढंच मनात.

डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या उजव्या बरगड्यांवर तळहात ठेवला. “काकी, श्वासाचा पडदा हितं. त्याच्या खाली पू साठलाय. ऑपरेशन न्हाय, सुईनं काढू.” किती हळुवार तो तळहात!

दुपारी पू निघाला. आत्ता ह्यांनी कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतला आणि सगळा माझ्यावर ओरडण्यात घालवला, “पेजेत मीठ न्हाय की!”

ओरडू देत. रोज ओरडू देत.