सेल्फ फिरतो, गाडी चालू होत नाही

नॉर्थ डकोटा,
५ नोव्हेंबर १९९८

ती. थोरा ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. माझी जुनी गाडी रुसली आहे. सेल्फ जोमात फिरतो, पण इंजिन काही चालू होत नाही. तू आणि भावोजींनी तीस वर्षं गॅरेज चालवलंत, तेव्हा तूच सांग.

तुझी भावजय बोर्गहिल्ड ज्या शुश्रूषागृहात आहे, ते इथून तीस मैल. दुपारचं सूप ती माझ्याच हातून घेते. नर्सने चमचा पुढे केला की तोंड मिटते. चार दिवस मी गेलेलो नाही. मार्लिस रविवारी नेईन म्हणते, आणि वर ऐकवते, बाबा, विका आता ते धूड. पोटची पोर बोलते हे!

उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
अर्विड

१० नोव्हेंबर

चि. अर्विड,
अ. उ. आ.

सेल्फ जोमात आहे म्हणजे बॅटरी ठीक. मग एकतर ठिणगी पडत नाही, नाहीतर पेट्रोल पोचत नाही. किल्ली नुसती अर्धी फिरव आणि कान दे. टाकीपाशी दोन सेकंद गुणगुण ऐकू आली पाहिजे. तो पेट्रोलचा पंप. नाही आली तर बॉनेटखालची फ्यूजची पेटी उघड. बाबांसारखा इंजिनात ईथर ओतू नकोस, भडका उडून त्यांच्या भुवया जळाल्या होत्या!

बोर्गहिल्डची काळजी वाटते. कळव.

तुझी ताई

१६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुणगुण नाही. फ्यूज सगळे शाबूत, पण पंपाला वीज सोडणारी ती छोटी डबी, रिले, तिची जागा रिकामी. तो काही आपोआप गळून पडत नाही. एक तारखेला मार्लिस कॉफीला आली होती. फोन केला तर रडायलाच लागली. रिले तिच्या पर्समध्ये आहे.

ऑक्टोबरात शाळेची बस, सगळ्या गाड्यांनी थांबावं म्हणून लाल दिवे लावून, उभी होती, पोरं उतरत होती, आणि मी शेजारून तसाच निघून गेलो म्हणे. बसवाल्याने मला ओळखलं आणि तिला कळवलं. मी तिच्यावर खूप ओरडलो. पण ताई, खरं सांगतो, ती बस मला दिसलीच नव्हती.

तरीही तू दुसरा रिले पाठव. बोर्गहिल्ड वाळत चालली आहे.

अर्विड

२१ नोव्हेंबर

चि. अर्विड,
अ. उ. आ.

रिले माझ्या कपाटात चार आहेत. एकही पाठवणार नाही. गाडीत दोष नव्हताच. दोष तुझ्या नजरेत आहे, आणि त्याचा पार्ट कुठल्या गॅरेजात मिळत नाही. हे लिहिताना माझाच जीव तुटतो. रागाव खुशाल, पण बोलणं टाकू नकोस.

ताई

९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठवडाभर तुझं नाव घेतलं नाही. मग मार्लिसला बोलावून घराच्या किल्ल्या दिल्या आणि शुश्रूषागृहात बोर्गहिल्डच्या समोरची खोली घेतली. एकोणपन्नास वर्षांचं घर, निघताना फार रडलो. राग सरला आहे; तुझी माया आटू देऊ नकोस.

काल दुपारी सूप घेऊन तिच्याकडे गेलो. तिने खिडकीतून बर्फाकडे पाहिलं आणि विचारलं, अशा हवेत आलास कसा. मी म्हटलं, चालत आलो. इतक्या लांबून, असं म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं.

तुझा,
अर्विड